शेवंतीच्या टोपलीखालचे झाकण

प्रति,
मा. साहाय्यक अभियंता (पाणीपुरवठा),
विभाग कार्यालय, घाटकोपर (प.)

विषय : सातेरी चाळ, वरची ओळ येथील लाईनमध्ये अडकलेली हवा सोडण्याबाबत.
संदर्भ : माझे दोन अर्ज, आणि हवा समाधानकारक असल्याचे पत्र.

महोदय,

१. मी वरील चाळीत खोली क्र. १४ मध्ये एकेचाळीस वर्षे राहतो. ६ जानेवारीस गळती काढण्यासाठी आमची लाईन रिकामी केली. गळती थांबली, त्याबद्दल तक्रार नाही. लाईन पुन्हा भरल्यावर खालच्या ओळीत पाणी आले. वरच्या बावीस घरांत नळ सोडला की फुसफुस होते, करंगळीएवढी धार पडते आणि तीही जाते. आज सदतिसावा दिवस.

२. पहिल्या अर्जात मी "नळाला नुसती हवा येते" असे लिहिले. चूक माझीच. 'हवा' वाचून अर्ज प्रदूषणवाल्यांकडे गेला. तिकडचे एक साहेब यंत्र घेऊन टेकडी चढून आले, ते नळाखाली धरले आणि हवा समाधानकारक असल्याचे लेखी कळवले. बिचारे घामाघूम झाले होते. त्यांनी प्यायला पाणी मागितले. खालच्या ओळीतून आणून दिले.

३. दुसऱ्या अर्जात चढावरचा एअर व्हॉल्व्ह उघडावा, असे स्पष्ट लिहिले. नकाशात असा व्हॉल्व्ह नाही, पुरावा द्या, असे आपले म्हणणे आले.

४. व्हॉल्व्ह आहे. त्याच्या लोखंडी झाकणावर माझी बायको कै. शेवंती एकोणीस वर्षे सुक्या मासळीची टोपली घेऊन बसत असे. लाईन भरायची झाली की आपले चावीवाले काशीराम यायचे, "वयनी, जरा उठा" म्हणायचे आणि झाकण काढून हवा सोडायचे. ती दरवेळी ओरडायची, "मेल्या, माझे बोंबील उडतले!" सगळी चाळ हसायची आणि पाणी यायचे. काशीराम निवृत्त होऊन गावी गेले. शेवंती गेल्या आषाढात वारली. दिवाळीत फुटपाथ नवा झाला आणि झाकणावर पेव्हर ब्लॉक बसले. ती असती तर बसू दिले नसते. मी खिडकीतून बघत होतो. सांगायला हवे होते. खिडकी लावून घेतली. तेव्हापासून बरेचसे असेच चालले आहे.

५. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे. टोपलीच्या डाव्या बाजूस झाकणाची कड आणि कडी दिसते. मागचा विजेचा खांब अजून तिथेच आहे, त्यापासून चार पावले मोजावीत. झेरॉक्स काढून पाहिली, त्यात झाकण नुसते काळे येते, म्हणून मूळ फोटो देत आहे. बाई हसते आहे, तिकडे लक्ष देऊ नये. झाकण बघावे.

६. काम झाल्यावर फोटो परत मिळावा. घरात तिचा दुसरा नाही.

आपला नम्र,
दत्ताराम अर्जुन घाडी
११ फेब्रुवारी २०२५

सोबत : फोटो, फ्रेमसह, एक. हार काढून घेतला आहे.