पडद्याआडची मंदी

३ जानेवारी १९९४
पेपरात पुन्हा तेच — मंदी ओसरली! कोणी पाहिली ओसरताना? सगळी नोकरी सांख्यिकी खात्यात गेली माझी, असल्या बातम्यांना मी भीक घालत नाही. प्राचीचा साखरपुडा होऊन वर्ष झालं. चेतनच्या कारखान्यात आठवड्यातून तीनच दिवस काम. मी सांगून टाकलंय — देश सावरला की मुहूर्त. इंदू म्हणाली, "तोवर पोरीला लोणच्यात घालू का?"

५ जानेवारी
शोध लागला! सुलतान बाजारातल्या इराण्याकडे बसलो होतो. गेल्या वर्षी जो तो वन बाय टू मागवायचा — एक चहा, दोघांत. आज ज्याचा त्याचा कप, वर बिस्किटं! दिल्लीवाल्यांना हे सुचायचं नाही. आता रोज संध्याकाळी इथेच बसणार. इंदू हसली. तिला शास्त्राची गोडी नाही.

८ जानेवारी
सगळीकडे सुधारणा. फक्त एक टेबल घात करतंय. बायकामाणसांसाठी वेगळ्या दाराची, पडदा लावलेली फॅमिली रूम आहे. तिथून ऑर्डर आली की युसुफ वेटर ओरडतो — "फॅमिली में वन बाय टू!" म्हणजे कुटुंबं अजून सावरलेली नाहीत. आणि कुटुंब हाच अर्थव्यवस्थेचा पाया. मुहूर्त लांबणीवर.

११ जानेवारी
युसुफला विचारलंच. "रोज के गिराक हैं साब. खाली कप दिया तो नक्को बोलते. एकीच कप में पीते."
अरेरे! परिस्थिती माझ्या अंदाजाहून बिकट. जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. चेतनची आई, कुसुमताई, तिळगूळ घेऊन आल्या. हातावर ठेवून म्हणाल्या, "माघात लग्न होणार नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो, श्रीनिवासराव. नल्लकुंट्याचं एक स्थळ आलंय." गोड बोलायचा दिवस! प्राचीनं आत जाऊन दार लावून घेतलं. फार वाईट वाटलं मला. पण अर्ध्या पगाराच्या घरात पोर कशी द्यायची? म्हटलं, उद्या सांगतो. उद्याचा चहा बघून.

१५ जानेवारी
ट्रे आत नेताना युसुफनं पडदा सारला. आत चेतन. समोर आमची प्राची — जी या वेळी टायपिंगच्या क्लासला असते! मध्ये समोशांची भरलेली प्लेट, बिस्किटं, क्रीम रोल. कप मात्र एक. ती घोट घेऊन त्याच्याकडे सरकवत होती. हिशेबात मी नुसता चहाच धरून बसलो होतो!
"काका, ते... आम्ही..." चेतन ताडकन उभा राहिला.
"बस," म्हटलं. "चहा गार होतोय."
घरी येऊन इंदूला सांगितलं, कुसुमताईंना निरोप दे — माघात.
"का? संपली मंदी?"


१७ जानेवारी
इंदूला पहिल्यांदाच फॅमिली रूममध्ये नेलं. युसुफनं दोन कप ठेवले. तिनं एक परत पाठवला.