पहिला बाप्तिस्मा कोणाचा?

अंजूर, ता. भिवंडी
१२ जानेवारी १९९२

ति. आक्कास,
चांगदेवचा सा. सलाम वि. वि.

आम्ही सर्व प्रभुकृपेने खुशाल. आपल्या बॅप्टिस्ट मंडळीला मार्चमध्ये पन्नास वर्षं होतात. स्मरणिकेत छापायचा इतिहास मी लिहिलाय, सोबत पाठवतो. खाडीतला पहिला बाप्तिस्मा कै. बाळारामशेठनी घेतला, इथून सुरुवात केली आहे. त्यांचे चिरंजीव केसरीनाथशेठ आता मंडळीचे अध्यक्ष. त्यांना मजकूर फार आवडला.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
तुझा चांगदेव

नाशिक
२० जानेवारी १९९२

चि. चांगदेवास,
अ. उ. आ.

इतिहास वाचला. अक्षर छान आहे. तेवढंच छान आहे.

म्हणे पहिला बाळाराम! तो गुडघाभर पाण्यात उतरला, काठावर भाऊबंद दिसले, तसा धोतर सावरत पळाला तो थेट घरी. मिशनरी साहेब पाण्यात उभे राहून हाका मारत राहिले. मग आपली आई उतरली. मी नऊ वर्षांची, तिचं कोरडं लुगडं धरून काठावर उभी होते. तू जन्मलाही नव्हतास. बाईमाणूस चालत न्हाय काय, असं तिनं साहेबांना विचारलं. त्यांनी तिला बुडवून वर काढलं. त्यापायी वर्षभर कुणी तिला विहिरीवर घागर बुडवू दिली नाही. बाळारामशेठ मंडळीत दोन वर्षांनी आले, मिशनची शाळा उघडल्यावर, आणि थेट पुढच्या बाकावर बसले.

तुझ्या चार पानांत बाळाराम सतरा वेळा आहे. जाईबाई हे आईचं नाव एकदाही नाही. 'काही स्त्रियाही होत्या' म्हणे. शाबास! केसरीनाथच्या गोदामात तू मुनीम आहेस, ठाऊक आहे मला. पण तिथं तुला कापडाच्या गाठी मोजायला ठेवलंय, आईला विसरायला नाही.

आशीर्वाद आहेतच. कौतुक मात्र मागू नकोस.
तुझी आक्का

अंजूर
१७ मार्च १९९२

ति. आक्कास,
सा. सलाम वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी राग आला होता, मग लाज वाटली. मजकूर बदलून शेठकडे नेला. ते हसले, तुझी आई कुठं वाचायला येनार हाय, म्हणाले. जुनाच छापला.

रविवारी समारंभात तो मलाच वाचायला लावला. पहिल्या ओळीशी थांबलो आणि तू लिहिलेलं सगळं सांगून टाकलं, धोतरासकट. हशा पिकला. केसरीनाथशेठ उठून ओरडले की असं छापलेलं न्हाय. मागून म्हातारी गोदूबाई उठली नि म्हणाली, छापलं नसंल, पन झालंय तसंच, मी बघितलंय.

सोमवारी शेठनी कामावरून काढलं. कामतघरला एका पॉवरलूमवर कामाचं विचारून आलोय. बायको बोलत नाही. आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते काल आलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा चांगदेव

नाशिक
२४ मार्च १९९२

चि. चांगदेवास,
अ. उ. आ.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तोंड उघडलंस. फारच घाई केलीस!

लूमच्या खडखडाटात कानात कापूस घालत जा. तुझ्या बायकोशी बोलायला मी शनिवारी येते.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. मोठ्यानं. तिला नको होतं तरी दोनदा.

तुझी आक्का