एकाच बाजूचा आवाज

६ जानेवारी
आक्कांचं बोलणं इकडे येतं, माझं तिकडे पोचत नाही. ह्यांनी गल्लीवरून तार टाकून दोन्ही घरांत बसवलेली बोलायची पेटी. ह्यांच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, गुडघे गेल्यापासून संध्याकाळच्या गप्पा तिच्यावरच. काल त्या मुलाचा विषय काढून म्हणाल्या, "सुधीर नाशिकला ऱ्हायला ये म्हनतोय. जावं का गं?" मी उत्तर दिलं नाही. गॅसवर दूध होतं, हे निमित्त. आज द्यायला बसले, तर हे असं.

८ जाने.
पेटी उघडली. आत वाटाण्याएवढी पत्र्याची डबी, तिच्यात दोन ट्रान्झिस्टर, खाली सहा पाय. एक माझा आवाज त्यांच्या स्पीकरपर्यंत ढकलतो, दुसरा त्यांचा माझ्याकडे. माझा जळलाय. सुप्याच्या कंपनीत मी सोल्डरिंग केलेलं, त्यामुळे तपासता तरी आलं.
संध्याकाळी आक्का: "सुमन, हायेस का? दिवा तर दिसतोय." मी इकडून "आहे, आहे" करत बसले. वेडी.

११ जाने.
नगरहून नवा आणला. दुकानदार म्हणे, "बाई, आता हे कोण लावतं? मोबाईलवर बोला की." मोबाईल आहे आक्कांकडे. त्यावर त्या फक्त तब्येत सांगतात.
डेटाशीट, म्हणजे त्याच्या माहितीचा इंग्रजी कागद, मोठ्याने वाचली, सवयीने. हे कर्जतच्या मराठी शाळेतले, इंग्रजी मीच वाचून दाखवायची. माझे कॉन्व्हेंटचे उच्चार ऐकून हसायचे. "पुन्हा म्हन." लग्नानंतरच्या कितीतरी संध्याकाळी अशाच…

१२ जाने.
नवा जाळला. कागदावरचं पायांचं चित्र खालून पाहिलेलं होतं, मी वरून समजून पाय जोडले. हे असते तर मला आधी खुर्चीवरून उठवलं असतं.
जुनाच परत लावला. निदान त्यांचं ऐकू येतं.
आक्का: "रुसलीस व्हय? मग जाऊ नका म्हन की. तेवढं तरी म्हन."
गल्ली ओलांडली नाही. मुलाकडे सुखात राहतील. माझ्यासाठी थांबा, हे त्यांच्या तोंडावर कसं…

१५ जाने.
आणखी एक आणून लावला. बटण दाबलं. "आक्का, ऐकू येतंय?"
"अगं बया! फुटलं का तोंड?"
सांगितलं, पेटी बिघडली होती, पण तुमचं सगळं ऐकू येत होतं.
"सगळं? मग चालत का न्हाई आलीस? गुडघं माझं गेल्यात, तुझं न्हाई."
बटण दाबलं, परत सोडलं.
"सुधीर रविवारी गाडी घेऊन येतोय," एवढं म्हणाल्या आणि त्यांनी बटण सोडलं.
त्याला हो म्हणाल्यात की नाही, तेही विचारलं नाही मी. सकाळी जाते. पायात चपला घालीपर्यंतचं ठरलंय, पुढचं नाही.