ताप नव्हता म्हणून

मंगळवार, संध्याकाळ

फार थकलोय, पण हमीदाबींचा हात डोळ्यांपुढून जात नाही. मिरजगावच्या, ऐंशी पार केलेल्या; पाय मोडल्यामुळे आठवडाभर आमच्या वॉर्डात आहेत. सकाळी सून म्हणाली, "डॉक्टर, अम्मी कालपासून हातानं घास घेत न्हाईत." मी ताप पाहिला. नव्हता. "अशक्तपणा आहे," म्हणून पुढच्या खाटेकडे गेलो. इतक्या थकलेल्या शरीराला संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही, हे मला माहीत नव्हतं का? दुपारी धाप लागली. एक्स-रेत न्यूमोनिया. लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. आता श्वास जरा संथ आहे, हात मात्र चादरीवर तसाच पडलेला. सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमाला लई पेशंट हायेत, डॉक्टर. मला एकच अम्मी हाय."