शिवणीत सोडलेले तीन बोटे कापड

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
शाश्वत गणवेश कक्ष,
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

विषय : शिवणीत सोडलेले तीन बोटे कापड ‘अपव्यय’ न समजणेबाबत.
संदर्भ : आपल्या ‘बचतसूत्र’ ॲपचा दि. १० जूनचा लाल संदेश.
अर्जदार : भामाबाई जालिंदर साळवे, शिवणकाम, रा. घोडेगाव.

महोदय,

अर्जदार बाईंना तीस वर्षे शिवण येते, सहीही येते. सरकारी मराठी येत नाही. ती खालील अर्जलेखकास पोटापुरती येते, म्हणून हा अर्ज त्याच्या हातचा व बाईंच्या तोंडचा आहे.

१. बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याचे कापड, फोटोवरून माप आणि टॅबलेटने आखलेली कापणी हे सर्व आपण गावात आणलेत, त्याबद्दल बाई आभारी आहेत. कापड त्यांनी धुऊन, पिळून, दाताने ओढून पाहिले. त्याविषयी तक्रार नाही.

२. गावच्या शाळेचे चौसष्ट गणवेश यंदा बाईंच्या बचत गटाकडे आले. बाईंनी नमुन्याचा शर्ट शिवला व रीतीप्रमाणे बगलेच्या शिवणीत तीन बोटे कापड आत सोडले. शिंपीकामात याला माया म्हणतात. पोर वाढले की शिवण उसवून शर्ट सैल करता येतो, आणि तोही पुरेना झाला की धाकट्या भावंडाला जातो. ॲपने मात्र ‘अकरा टक्के अपव्यय, नमुना नापास’ असे कळवले. येत्या सोमवारपर्यंत (दि. २२ जून) सुधारणा न झाल्यास काम शहरातील कारखान्याला जाणार आहे. तसे झाल्यास गटातील सात बायकांच्या मशिनी झाकून पडतील. पण बाईंना त्याहून मोठी धास्ती पोरांची आहे.

३. गेल्या वर्षीचे गणवेश त्याच कारखान्यातून, ॲपच्या मापाने, सेंटिमीटरलाही न चुकता आले होते. तिसरीतील सुकन्या दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेली व गुढीपाडव्याला परतली, तोवर तिच्या बटणांची आणि काजांची भेट बंद झाली होती. शिवण उसवावी तर आत दोऱ्याएवढे कापड. पोरगी महिनाभर दप्तर छातीशी धरून वर्गात बसली, याचे बाईंना फार वाईट वाटते. शाळेने तक्रार नोंदवली, त्यावर ॲपचे उत्तर : ‘विद्यार्थिनीचे माप मंजूर मापाशी जुळत नाही. माप दुरुस्त करावे.’ बाईंचे शब्द जसेच्या तसे देतो : “आता पोरगी दुरुस्त करू व्हय? लेकरू हाय, खांब न्हाई. वाढनारच की!” अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मान्य, पण वाढत्या पायांना ते कोणी सांगावे?

४. बाईंचा एक शर्ट तीन वर्षे चालतो. हे ॲपमध्ये कुठे भरायचे, तो रकाना त्यांना सापडला नाही.

५. पुढील बाब लिहू नये असे बाईंनी बजावले होते. परंतु हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून अर्जलेखक स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. दि. ११ मेच्या प्रशिक्षणात आपण टॅबलेट उचलण्यास वाकलात आणि पँट मागून उसवली. बाईंनी आपणांस पडद्याआड टॉवेलवर बसवले व शिवण उलटून पाहिली. कोण्या जुन्या शिंप्याने आत दोन बोटे माया ठेवली होती. बाईंनी त्यातले एक बोट सैल करून दिले. त्यानंतर आपण त्याच पँटीत उभे राहून ‘एक सेंटिमीटरही जादा नको’ या विषयावर पाऊण तास उत्तम बोललात. एकही बाई हसली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

सबब नमुना पास करून चौसष्ट गणवेश मायेसह शिवण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. आपल्या शिवणीत अजून एक बोट शिल्लक आहे. बाईंनी ते अपव्ययात धरून कापले नाही. पुढच्या वर्षी लागेल म्हणून तसेच ठेवले आहे.

मशीनपाशी आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही) भामाबाई जालिंदर साळवे
दि. १८ जून २०२६

अर्जलेखकाचे नाव : कल्याण. बसण्याची जागा : कचेरीसमोरचे बाकडे.

सोबत :
१. नमुन्याचा शर्ट.
२. सुकन्याचा गणवेश (बटणे लावून पाहावीत).
३. ॲपच्या दोन्ही संदेशांच्या छापील प्रती.
४. दि. ११ मेचा पुरावा जोडता आला नाही. तो साहेबांच्याच अंगावर आहे.