तीन दिवसांची पाहुणी

४ सप्टेंबर, रविवार
बोद्रुमच्या धक्क्यावर चपला टोपलीत काढल्या आणि अनवाणी गुलेतवर चढलो. लाकडी जहाजाच्या फळ्या उन्हाने तापल्या होत्या. बेदिया शाळकरी मुलीसारखी टाचा उचलत चालली. ऑपरेशननंतर माझी धाकटी बहीण आज पहिल्यांदा खळखळून हसली. रुस्तेम कप्तानाने मला मावशी म्हटलं. ताई म्हणायला काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाला, मग आठवडाभर खोटं बोलावं लागेल. त्याची बायको गुल्सुम वांगी तळता तळता हसत होती. आम्ही चौघंच. नन्सच्या शाळेला बोटीने जाताना मी बेदियाचा हात धरायचे, तसाच आज कितीतरी वेळ धरून बसले.

५ सप्टेंबर, सोमवार
पाइनच्या झाडीतल्या एका खाडीत नांगर टाकला. दुपारी चहाच्या वेळी एक बाई पोहत आली आणि शिडीला धरून राहिली. आमच्याच वयाची. आसपास ना घर, ना होडी. कप्तान कचरला. या खाडीतल्या कुणाला वर घेत नाहीत, असं काहीसं पुटपुटला. मीच त्याला टोकलं. देवाने धाडलेला पाहुणा परत पाठवायचा नसतो, आणि तीन दिवस त्याला नाव-गाव विचारायचं नसतं; आमच्या आईची शिकवण. मी तिला बेदियाचा झगा दिला आणि बेदियाच्याच शेजारी बसवलं.

६ सप्टेंबर
पाहुणी बोलत नाही, बेदियाकडे बघत राहते. बेदियाने चहा ढवळला की तीही ढवळते.
बेदियाचे केस ओले आहेत. ती पाण्यात उतरलीच नव्हती. मी पुसले, पुन्हा ओले.
दुपारी पाहुणी नन्सची फ्रेंच प्रार्थना गुणगुणली. बेदिया नेहमी चुकायची, तिथेच तीही चुकली. बेदियाला म्हटलं, तू म्हण. तिला पहिली ओळही आठवेना.
कप्तानाला परत फिरायला सांगितलं. नांगर कशात तरी अडकलाय म्हणतो.

७ सप्टेंबर
गुल्सुमने औषधाची गोळी पाहुणीपुढे ठेवली. बेदियामावशी, घ्या, म्हणाली. मी भांडले. नवराबायको माझ्याकडे कणवेने बघत राहिली.
ऑपरेशनचा व्रण दाखवावा म्हणून मी बेदियाचा सदरा वर केला. पोट गुळगुळीत. गार. व्रण आता तिच्या — पाहुणीच्या पोटावर.
बेदिया म्हणून हाक मारली, तर माझी बेदियाच मागे वळून बघते. कुणाला हाक मारली ते.

८ सप्टेंबर
तीन दिवस भरले. कप्तानाने बेदियासाठी शिडी पाण्यात सोडली. ही माझी बहीण आहे, किती वेळा सांगू — गयावया केली —
"मावशी," तो म्हणाला, "पाहुणीला असं धरून ठेवत नाहीत."
शिडीपाशी बसलेय. उजव्या हाताने लिहितेय, कुणीतरी वाचावं म्हणून. डाव्यात बेदियाचं मनगट. सोडणार नाही.
ती अदबीने म्हणाली, "बाई, सोडा मला. माझं घर खाली आहे."
नाही. बेदिया, नाही —
मागून हाक आली. बेदियाच्या आवाजात. माझ्या लहानपणीच्या नावाने. त्या नावाने फक्त तीच हाक मारते — पंचावन्न वर्षांची सवय — मी वळून ओ दिली आणि डाव्या हातात नुसतं पाणी —