मोनालीच्या कपाळावरची लव

भिगवण,
ऑगस्ट १९९८

प्रिय मोनालीचे पप्पा,

आधी खुशाली कळवते. मोनाली शुद्धीवर आहे, दूध पिते. बारामतीच्या दवाखान्यातून काल सोडलं. मी अंथुर्ण्याला सासरी गेले नाही, आईकडे आलेय.

शाळेच्या प्रशिक्षणाला मी इंदापूरला राहिले, तेवढ्यात तुमच्या आईंनी, आत्याबाईंनी, तिचं औषध बंद केलं. मी घरात पाऊल टाकलं तर लेकीचे डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, आणि आत्याबाई तिच्या नाकाला कांदा लावून बसलेल्या! कपाळ सोलल्यागत लाल. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा दिवसभर फिरवत होत्या म्हणे. ओली साखर हिरड्यांना चोळत मी तिला जीपमधून नेलं. "पोरीची जात हाय, अशी केसाळ कोण करून घेईल?" हे त्यांचं वर चालूच. अहो, दोन वर्षांची पोर! जगली तर लग्न ना?

पुण्याच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. स्वादुपिंडातली पोटॅशियमची दारं हिच्यात नीट उघडत नाहीत, म्हणून इन्सुलिन पाझरतच राहतं आणि रक्तातली साखर एकदम खाली जाते. हे औषध ती दारं उघडतं. अंगावर केस येतील, औषध थांबल्यावर जातील. पण साखर पडून मेंदूला इजा झाली, तर ती भरून येणार नाही. तुम्ही मान डोलावत होतात. मला वाटलं, समजलं तुम्हाला.

दवाखान्यात मी आत्याबाईंना नाही नाही ते बोलले. लोकं बघत होती, पण माझं तोंड थांबेना. शेवटी त्या पदर तोंडाला लावून रडत म्हणाल्या, "मला कशाला बोलती बाय? सोमनाथच फोनवर म्हणला, कौसल्याच्या सुपारीला समदं पावणं येणार, तवर औषीद बंद ठेव, पोरगी जरा बरी दिसंल."

बहिणीच्या लग्नाच्या सुपारीत चारचौघांनी आपल्या लेकीकडं बघून कुजबुजू नये, म्हणून! लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? आत्याबाईंच्या मी तिथंच पाया पडले. हे पत्र त्यांच्या तक्रारीचं नाही, तुमच्यासाठीच आहे. औषध पुन्हा सुरू केलंय आणि आता ते माझ्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही. सुपारीला मी येणार. मोनालीला मांडीवर घेऊन, कपाळ उघडं ठेवून, सगळ्यांच्या समोर बसणार. तुम्हाला आमच्या शेजारी बसायचं असेल तर या. नाहीतर तिकडं नोकरीवर, भुसावळलाच थांबा.

अजून तरी तुमचीच,
शालन